नॅनो-अँटेनांचे स्क्रीन येईपर्यंत नवा टीव्ही घेण्याचे थांबावे का?

टीव्ही घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. मी लिहितो आहे ते प्रश्नाखाली तुम्ही जोडलेल्या ‘अँटेना तर केव्हाच भंगारात गेला’ या वाक्यामुळे, कारण नाशिकच्या सराफ बाजारात पेढी असलेल्या माझ्या मेव्हण्यांच्या तोंडून मी तेच वाक्य पस्तीस वर्षे ऐकत आलो आहे.

1988 च्या पावसाळ्यात त्यांच्या पंचवटीतील घरावर मी स्वतः अँटेना बसवला होता : मागे सर्वांत लांब दांडी, मग तार जोडलेली, पुढे आखूड दांड्या. मागची दांडी शेजाऱ्यांच्या गच्चीत डोकावते म्हणून मेव्हण्यांनी माझ्या माघारी करवत घेतली आणि तिची दोन्ही टोके वीत-वीत कापून सगळ्या दांड्या ‘एका मापात’ आणल्या. संध्याकाळी बातम्यांच्या जागी मुंग्या! मी भर पावसात वर अँटेना फिरवतो आहे, खालून भाची ‘आलं, आलं… गेलं’ असे ओरडते आहे, आणि मेव्हणे शांतपणे सांगत आहेत की दोष टीव्हीत आहे. दांडीची लांबी लहरीच्या मापाने ठरते, शेजाऱ्यांच्या सोयीने नव्हे, हे त्यांना आजतागायत पटलेले नाही.

तोच नियम आता प्रकाशाला लावला जातो आहे. दूरदर्शनच्या लहरींची लांबी मीटरमध्ये मोजत, दृश्य प्रकाशाची सुमारे 400 ते 700 नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) असते, म्हणून अँटेनाही तेवढाच सूक्ष्म करावा लागतो. जर्मनीतील वुर्त्सबुर्ग विद्यापीठात बेर्ट हेख्ट यांच्या गटाने 2020 मध्ये चक्क यागी-उदा अँटेना, म्हणजे आपल्या गच्चीवरचाच प्रकार, प्रकाशासाठी सोन्यात घडवला. पुढे 2025 मध्ये हेख्ट आणि येन्स फ्लाउम यांनी 300 नॅनोमीटर बाजूचा ओएलईडी पिक्सेल, म्हणजे सेंद्रिय पदार्थाच्या थरातून वीज गेली की उजळणारा पडद्यावरचा एक ठिपका, तयार केला, ज्यात सोन्याचा चौकोनी तुकडा विद्युतप्रवाहही पोहोचवतो आणि अँटेना होऊन नारिंगी प्रकाश बाहेरही काढतो. एवढ्या लहान तुकड्याच्या कोपऱ्यांवर विद्युतक्षेत्र एकवटते, तेथून सोन्याचे तंतू वाढत सेंद्रिय थरात घुसतात आणि पिक्सेल शॉर्ट होतो. त्यांनी वरून विद्युतरोधक थर देऊन मधोमध 200 नॅनोमीटरचे गोल छिद्र तेवढे मोकळे ठेवले, आणि कोपरे झाकले गेल्याने पिक्सेल दोन आठवडे टिकला. कारागिरी म्हणतात ती ही. मेव्हण्यांच्या पेढीवर असे कोंदण झालेले माझ्या पाहण्यात नाही.

फुल एचडी पडद्याच्या एका ओळीत असतात तेवढे, म्हणजे 1920, असे पिक्सेल एकमेकांना चिकटवून मांडले तर रुंदी 0.58 मिलिमीटरच्या आसपास भरते. त्यामुळे याचा उपयोग भिंतीवरच्या टीव्हीला नसून चष्म्याच्या काडीत बसणाऱ्या पडद्याला आहे, आणि भिंतीसाठी त्याची वाट पाहणे निव्वळ वेडेपणा आहे.

आधीच सांगायला हवे होते ते आता सांगतो. या पिक्सेलची कार्यक्षमता जेमतेम 1 टक्का आहे. शिवाय प्रकाशाच्या बाबतीत लहर धातूच्या आतही शिरते, त्यामुळे गच्चीवरचे ‘अर्धी लहर, एक दांडी’ हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही; मेव्हण्यांनी हे वाचलेच तर एवढेच वाक्य ते उचलतील. तरीही मापाला पर्याय नाही. राहिला रंगांचा प्रश्न. सोने निळा प्रकाश गिळून टाकते, म्हणून त्या रंगासाठी चांदी किंवा ॲल्युमिनियमकडे वळावे लागते. मेव्हण्यांनी कापलेले ते दोन वीतभर तुकडे ॲल्युमिनियमचेच आहेत, आणि ते अजून माझ्या माळ्यावर आहेत.