लकवा होऊन सहा महिने झाले, आता बाबांचा हात सुधारणारच नाही का?

सुधारू शकतो. "सहा महिन्यांनंतर जे उरलं ते कायमचं" हे मनावर घेऊ नका. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'एक्साइट' अभ्यासात 222 रुग्ण होते, झटका येऊन 3 ते 9 महिने झालेले. चांगल्या हातात जाड मोजा घालायचा आणि 2 आठवडे कमजोर हाताकडूनच कामं करून घ्यायची. त्यांचा हात नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त सुधारला, वर्षभरानंतरही फायदा टिकला. मात्र मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता यायला हवीत.

आपल्या बडोद्यातल्या घरांत नेमकं उलटं होतं. आई मायेनं भरवते, सून बटणं लावून देते, आणि हात मांडीवर पडून राहतो. बाबांना शेव-उसळीवरची शेव चिमटीत उचलू द्या, सदऱ्याचं बटण लावू द्या. सांडलं तर सांडू दे. चालताना मात्र मोजा काढाच, तोल सावरायला चांगला हात मोकळा हवा.

सगळा भार घरच्यांवरही टाकू नका. भारतातल्या 1250 रुग्णांवरच्या 'अटेंड' अभ्यासात (2017) घरच्यांना शिकवून करून घेतलेल्या व्यायामाने सहा महिन्यांनी फरक दिसला नव्हता. आधी सयाजी हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात हात दाखवून घ्या.