हाडांची पेढी वाढवताना: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गोव्यात लहान ऊतक पेढी (दान मिळालेली हाडे वगैरे तपासून शस्त्रक्रियेसाठी साठवणारी संस्था) चालवणाऱ्यांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. म्हणून उत्तरे एकत्र.

नर्सिंग होमची नोंदणी आहे. हाडांची पेढी त्यावरच चालेल ना? (म्हापसा)

नाही. मानवी अवयव व ऊतक प्रत्यारोपण कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते, मुदत ५ वर्षे. १९९५ मध्ये हा कायदा ज्या मोजक्या राज्यांत आधी लागू झाला, त्यांत गोवा होता. तेव्हा ‘इथे कोण विचारतो’ हे सांगू नका.

खुबा बदलताना निघालेल्या मांडीच्या हाडाच्या दर गोल डोक्यासाठी रुग्णालयाला रक्कम दिली तर पुरवठा वाढेल? (मडगाव)

वाढेल, आणि पाठोपाठ त्याच कायद्याचे कलम १९अ येईल: १ ते ३ वर्षे कैद, ५ ते २५ लाख रुपये दंड. पैसे देणारा-घेणारा दोघेही अडकतात. तपासणी, प्रक्रिया, साठवण यांचा खर्च लावा, हाडाचा भाव नको. दरपत्रक वकिलाला दाखवूनच छापा.

एजंट म्हणतो, २५ किलोग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) गॅमा किरण दिले की सगळे जंतू मरतात. मग दात्याच्या तपासण्यांवर खर्च का? (फोंडा)

कारण एजंटाला यंत्रणेची वेळ विकायची असते. किरणांनी जंतू दहापटीच्या टप्प्यांनी घटतात. सुरुवातीला शंभर होते की लाख, यावर शेवट ठरतो. एचआयव्हीसारखे विषाणू नेहमीच्या जिवाणूंपेक्षा चिवट. मेलेल्या जिवाणूंचे विष हाडातच राहते. मात्रा वाढवावी तर कोलॅजन (हाडातले प्रथिन) तुटते, हाड ठिसूळ होते. म्हणून क्रम उलटवू नका: दात्याचा आजारपणाचा इतिहास, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिसच्या तपासण्या, काढतानाच कल्चर (नमुन्यात जंतू वाढतात का ते पाहणे), मग मज्जा आणि चरबी पाण्याच्या झोताने पूर्ण धुणे, आणि शेवटी गॅमा. जिवंत दात्याचे रक्त १८० दिवसांनी पुन्हा तपासा. तोवर हाड वेगळ्या कप्प्यात, लाल चिकटपट्टीसह, कुलपात. पेढी वाढू लागली की सर्जनचा फोन येतो आणि घाईत हाच कप्पा उघडला जातो. नॅट तपासणीने (विषाणूचा जनुकीय अंश शोधून संसर्ग लवकर पकडणारी चाचणी) हा काळ कमी करता येईल का, हे सूक्ष्मजीवतज्ज्ञांकडून लेखी घ्या.

उणे २० अंशांचा साधा फ्रीझर चालेल? (पेडणे)

थोड्या काळापुरता, फार तर ६ महिने. म्हणजे फेरतपासणीचा अहवाल येईतो हाडाची मुदतच संपलेली! त्यातही आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीझर मुळीच नको, त्याचे तापमान सतत वरखाली होते.

उणे ८० चा दुसरा फ्रीझर घ्यावा का? विक्रेता चवथीपर्यंत सूट देतो. (डिचोली)

सवलतीसाठी नाही. दुसरा रिकामा पण चालू ठेवायला घ्यायचा, पहिला बंद पडला की माल हलवायला. विक्रेत्याला विचारा: पणजीत सुटा भाग मिळतो का, मेकॅनिक किती तासांत येतो? पावसात वीज जाते, जनरेटर लागतो, पण फ्रीझर त्याच्या लाइनवर असतोच असे नाही. मेन स्विच पाडून एकदा बघा. कंडेन्सरची (फ्रीझरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाची) जाळी महिन्याला साफ करा, किनाऱ्याकडच्या खारट दमट हवेत तिच्यावर थर बसून कंप्रेसर तापतो. अलार्म रात्री दोनला कोणाच्या मोबाईलवर वाजणार, ते नाव बायोमेडिकल इंजिनिअरशी बोलून ठरवा आणि फ्रीझरच्या दारावर लावा.