डोलकाठीला बिजागरी बसवू का?

प्रश्न: उजनीच्या बॅकवॉटरला माझी जुनी फायबरची शिडाची होडी आहे, डोलकाठी उभी करायला दरवेळी चार माणसं लागतात, बिजागरीवाला पाया चालेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: चालेल की, पण आधी जुना पाया काढून डेक, म्हणजे होडीचा वरचा पृष्ठभाग, टोचून बघा, फायबरच्या दोन थरांमधे बऱ्याचदा लाकूड असतं, जुन्या स्क्रूच्या भोकातनं पाणी मुरून ते कुजतं, स्क्रूड्रायव्हर लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर तेवढा भाग बदलल्याशिवाय पुढं जाऊच नका. नुसते स्क्रू नकोत, 316 स्टेनलेसचे (सहजी न गंजणाऱ्या पोलादाचे) आरपार बोल्ट घ्या, खालून जाड पट्टी, भोकांना सीलंट. पायाची उंची वाढेल तेवढी काठी बुडातनं कापा, नाहीतर काठीला उभी धरून ठेवणाऱ्या ताणाच्या तारा पुरणार नाहीत. आणि डोक्यावर विजेच्या तारा नाहीत ना ते बघूनच काठी उचला, ॲल्युमिनियमची काठी विजेच्या तारेला टेकली तर जीव जातो हो.