चेंगला वीणा म्हणू नका

प्रश्न असा आहे: ‘इस्तंबूलमध्ये चेंग नावाचं विस्मृतीत गेलेलं वाद्य पुन्हा वाजू लागलं आहे. मराठीत त्याला कुणी “तुर्की वीणा” म्हणतं, कुणी “तुर्की मोरचंग”. यातलं बरोबर काय?’

दोन्ही चूक. मोरचंग, म्हणजे दातांत धरून छेडायचं छोटं वाद्य, हे तर सपशेल चूक. तारा असलेलं परदेशी वाद्य दिसलं की त्याला वीणा म्हणून मोकळं व्हायचं, ही सवय सुटायला हवी. आज वीणा म्हटलं की वारकऱ्याच्या गळ्यातली वीणा नाहीतर सरस्वतीच्या हातातली वीणा डोळ्यांपुढे येते. दोन्हींना लांब दांडी आहे आणि तारा दांडीला समांतर जातात. चेंगला अशी दांडीच नाही. त्याची प्रत्येक तार मोकळी, हवेत ताणलेली आणि आपापल्या एकाच सुराला बांधलेली असते. हे हार्पच्या कुळातलं वाद्य आहे. ‘पण समुद्रगुप्ताच्या नाण्यावरची वीणाही हार्पसारखीच दिसते,’ असं कुणी म्हणेल. खरं आहे, त्या काळी वीणा हा शब्द हार्पलाही चालत होता. पण ती वीणा धनुष्याकृती होती आणि चेंग कोनाकृती आहे. शिवाय दीड हजार वर्षांपूर्वीचा अर्थ आजच्या वाचकाच्या गळी उतरवता येत नाही. तेव्हा ‘चेंग’च लिहा, आणि पहिल्यांदा लिहाल तेव्हा ‘खांब नसलेलं उभं हार्प’ एवढं जोडा. बास.

आता शब्दाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. चेंग म्हणजे मूळचा ‘चंग’. चंग बांधणे सगळ्यांना ठाऊक आहे, ते बाजूला ठेवू. चांगला, चंगा यांच्या मुळाशी असलेला संस्कृत ‘चङ्ग’ म्हणजे सुंदर, तोही वेगळा. वाद्याच्या नावाची व्युत्पत्ती त्या ‘चङ्ग’वरून लावणारे लोक भेटतात, पण नुसता आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही. वाद्याचा चंग फारसी आहे आणि फारसीत त्याचा पहिला अर्थ वाद्य नाहीच. चंग म्हणजे पंजा, बोटं आकड्यासारखी वळवलेला हात. हिंदीतला चंगुल त्याच घरातला. (मराठीत ‘चंगुलात सापडला’ लिहिणाऱ्यांनी कृपा करून ‘तावडीत’ लिहावं, शब्द आपल्याकडे आहे.) तेहरानमध्ये आज जेवणाच्या टेबलावरच्या काट्याला ‘चंगाल’ म्हणतात, तोही याच पंजाचा.

चेंग वाजवणाऱ्याचे हात पाहिले की हे नाव का पडलं ते कळतं. वादक बसलेला, पोकळ ध्वनिपेटी अंगाजवळून वर चढत पुढे वाकलेली, खाली आडवी दांडी, आणि पेटीपासून दांडीपर्यंत उभ्या उतरणाऱ्या तारा. दोन्ही हात दोन बाजूंनी तारांवर येतात आणि बोटं अर्धी मिटून ओढतात. मिजराफ नाही, गज नाही, नुसता पंजा. माझं ठाम मत आहे की नाव आधी हाताचं होतं, वाद्याला ते नंतर चिकटलं. म्हणूनच ते एका वाद्यापाशी थांबलं नाही. उझबेकिस्तानात ‘चंग’ म्हणजे काठ्यांनी वाजवायचं संतूरच्या जातीचं वाद्य. राजस्थानात होळीला वाजतो तो चंग म्हणजे मोठा डफ. दातांत धरून बोटाने छेडायचं ते मुँहचंग. त्याचं मुरचंग झालं आणि मग कुणाला तरी त्यात मोर दिसला. मोराचा तिथे काही संबंध नाही. जॉर्जियातल्या स्वानेती भागात ‘चांगी’ म्हणतात ते मात्र आजही खरं कोनाकृती हार्प आहे, मोजक्या तारांचं. ते कधी मेलंच नाही.

तुर्कीत फारसी ‘अ’चा बहुधा ‘ए’ होतो. पर्दाचं पेर्दे झालं, तसं चंगचं चेंग. ‘चेंगी’ म्हणजे उस्मानी काळातली नाचणारी स्त्री. काही कोशकार हा शब्द ‘चिंगेने’ म्हणजे जिप्सी या शब्दावरून लावतात, आणि ते मला अजिबात पटत नाही. तुर्की संगीतात कानून वाजवणारा तो कानूनी, ऊद वाजवणारा ऊदी, संतूर वाजवणारा संतूरी. मग चेंग वाजवणारी चेंगी का नको? वाजवणाऱ्या आणि नाचणाऱ्या बायका एकाच ताफ्यात असत, वाद्य गेलं आणि नाव नाचणारीकडे राहिलं. इतका सरळ रस्ता समोर असताना आडवाटेला जायचं कारण काय?

वाद्य गेलं ते सतराव्या शतकाच्या अखेरीस, आणि का गेलं हे त्याच्या बांधणीत दिसतं. तुर्की मकाम-संगीतात (मकाम म्हणजे साधारण आपला राग) एका पूर्ण स्वराचे 9 कोमा, म्हणजे बारीक तुकडे, आणि सप्तकाचे 53 कोमा मानतात. रास्त या सुरापासून सेगाह हा सूर 17 कोमांवर, बूसेलिक 18 कोमांवर. 24 तारांच्या चेंगवर सात सुरांची तीन सप्तकं आणि वर तीन तारा बसतात, म्हणजे सप्तकाला सेगाहची एकच तार. चीज रंगात असताना बूसेलिककडे वळायचं तर ती प्रत्येक सप्तकातली तार एक कोमा चढवायला हवी, नाहीतर एका हाताने तार दाबून ताणायची आणि दुसऱ्या हाताने छेडायची. तंबूर (लांब दांडीचं तंतुवाद्य) वाजवणाऱ्याला पडदे आहेत, नेय ही बासरी वाजवणाऱ्याला फुंक आहे, तो लीलया वळतो. मकाम बदलत जाणाऱ्या रचना वाढल्या तसा चेंग मागे पडला. हे एकच कारण होतं असं नाही, पण वादकाच्या हाताला जाचणारं कारण हेच.

दुसरी अडचण खांबाची. युरोपीय हार्प त्रिकोण असतं, पुढचा खांब ताण पेलतो. चेंगला दोनच बाजू, त्यामुळे एक तार चढवली की कोन किंचित मिटतो आणि आधी लावलेल्या तारा उतरतात. म्हणून पहिल्याच फेरीत सुरात आणायचा हट्ट धरू नये. सगळ्या तारा आधी थोड्या खाली लावायच्या, मग दोन-तीन फेऱ्यांत वर न्यायच्या. पेटीवर लाकडी तबकडी नसून कातडं असतं. दमट हवेत ते सैल पडतं आणि सूर खाली जातो, कोरड्या हवेत उलट. ताण पेलेल म्हणून पोलादी तारा चढवल्या तर दांडी वाकते किंवा कातडं फाटतं. मूळ तारा रेशमाच्या होत्या, तेच त्या बांधणीला मानवतं.

हे रेशीम कुठून कळतं? अहमद-ई दाईच्या ‘चेंगनामे’ या 1405-06च्या तुर्की काव्यातून. त्यात चेंगला विचारतात, तू एवढा का रडतोस? मग त्याचा एकेक भाग आपली कहाणी सांगतो: तारांचं रेशीम, अंगाचं सर्वीचं (सायप्रसचं) लाकूड, कातडं देणारं हरीण आणि घोड्याचा केस. चौघेही आपापल्या घरातून तोडून आणलेले. वाद्य बनवणाऱ्याला यात सामानाची यादीच मिळते. (सर्वीला मराठीत ‘सुरू’ म्हणू नका. नाव तिकडचंच, पण कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू हा ऑस्ट्रेलियाकडचा वेगळाच वृक्ष.) जुनी लघुचित्रं आणि असे मजकूर समोर ठेवून केमेंचे (गजाने वाजवायचं छोटं तंतुवाद्य) वाजवणारे फिक्रेत काराकाया यांनी 1990च्या दशकात चेंग पुन्हा घडवला, आणि 1996मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ‘बेझमारा’ वाद्यवृंदात तो वाजू लागला. पुढे युरोपीय हार्पमध्ये तयार झालेल्या शिरीन पांजारोग्लू यांनीही तो हाती घेतला.

आता आपल्याकडचा चंग. तोही हार्पच आहे, फक्त पत्त्यांवर. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले जुने गोल पत्ते. मोगल गंजिफाचे आठ रंग: ताज, सफेद, समशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. प्रत्येकी 12 पानं, एकूण 96. सफेद म्हणजे रुप्याचं नाणं, सुर्ख म्हणजे सोन्याचं आणि चंग म्हणजे हेच वाद्य. सावंतवाडीत या आठरंगी गंजिफाला ‘चंगकांचनी’ म्हणतात. माझा तर्क असा की हे नाव दोन रंगांचं आहे: चंग तसाच ठेवला आणि सुर्खचं मराठी केलं, कांचन. आठांपैकी हेच दोन का? रंगांच्या ओळीत ते शेजारी आहेत, आणि उच्चारात ‘चंग-कांचन’ असा अनुप्रास सहज जुळतो. खेळणाऱ्यांच्या तोंडात नाव असंच बसतं. पुष्कळ संचांत चंगाची खूण हार्प म्हणून ओळखूच येत नाही, कारण रंगवणाऱ्यापुढे वाद्य कधी नव्हतंच. नवे संच रंगवणाऱ्यांनी ती वीणेसारखी करू नये. वाकलेली पेटी, खाली आडवी दांडी, मध्ये चार-पाच उभ्या रेषा, एवढ्यात चंग होतो. आणि तो हलक्या, म्हणजे पानांचा क्रम उलटा असलेल्या, चार रंगांतला आहे, तेव्हा राजा-प्रधानाखाली त्यात एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यांत लहान.