टाकीतलं इंधन आणि गाडीचं वागणं

टाकीत किती इंधन आहे यावर गाडीचं चालणं किती अवलंबून असतं, याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : टाकी फुल केली की माझी गाडी सुस्त वाटते, पिकअप कमी झाल्यासारखा वाटतो. घरचे म्हणतात, हे मनाचे खेळ आहेत. खरं काय?

घरच्यांचं बरंचसं बरोबर आहे. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण ७४० ग्रॅम भरतं, डिझेलचं ८३० ग्रॅमच्या आसपास. ४५ लिटरच्या टाकीतलं पेट्रोल म्हणजे सुमारे ३३ किलो. दहा वर्षांचं एखादं मूल मागच्या सीटवर येऊन बसावं, तेवढंच. चालकासह अकराशे किलोच्या गाडीत ही वाढ तीन टक्क्यांची होते. इंजिनाची ताकद तीच आणि वजन तीन टक्के जास्त, म्हणून वेग घ्यायला वेळही साधारण त्याच प्रमाणात वाढतो. शून्यावरून शंभरला पोचायला १२ सेकंद लागत असतील, तर आता त्यात सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी भर पडेल. घड्याळ लावून मोजलं तर दिसेल, गाडी चालवताना कळणं अवघड.

फरक खरोखरच ठळक असेल, तर पेट्रोलला दोष देऊ नका. टायरमधली हवा, तुंबलेला एअर फिल्टर, एखाद्या चाकाला घासत राहणारा ब्रेक, हे आधी तपासून घ्या.

प्रश्न : मग मायलेज वाढवायला नेहमी अर्धीच टाकी भरावी का?

नको. हिशेब करून बघा. टाकी फुल करून जवळजवळ रिकामी होईपर्यंत चालवलीत, तर सरासरीने गाडीत अर्धी टाकी इंधन असतं. अर्धी भरून रिकामी करत गेलात, तर सरासरी पाव टाकी. दोन्हींतला फरक ४५ लिटरच्या टाकीत जेमतेम ११ लिटरचा, म्हणजे आठ किलोंचा. पन्नासेक किलो वजन कमी झालं की मायलेज साधारण एक टक्का सुधारतं, असा ढोबळ आडाखा आहे. त्या मापाने आठ किलोंची बचत पाव टक्काही भरत नाही. टाकीभर पेट्रोलमध्ये ९०० किलोमीटर जाणाऱ्या गाडीला त्यातून दीडेक किलोमीटर जास्त मिळेल आणि पंपावर दुप्पट वेळा वाकडी वाट करून जाण्यात तो सहज संपेल. त्यापेक्षा डिकीत महिनोन् महिने पडून राहिलेलं सामान काढा.

प्रश्न : काटा लालवर असताना लांबलचक वळणावर किंवा चढावर इंजिन क्षणभर अडखळतं. सरळ रस्त्यावर आलो की पुन्हा ठीक. बिघाड आहे का?

बहुधा नाही, पण या लक्षणाकडे काणाडोळा करू नये. इंधनाच्या पातळीचा गाडीवर खराखुरा परिणाम होतो तो इथेच, आणि त्यात वजनाचा काही संबंध नसतो.

इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत इंधनाचा पंप टाकीच्या आतच बसवलेला असतो. तो बहुतेक वेळा एका लहान भांड्यात उभा असतो आणि त्या भांड्यात पेट्रोल भरून राहावं अशी सोय केलेली असते. टाकीत आडवे पडदेही असतात, म्हणजे सगळं पेट्रोल एकदम एका बाजूला धावत नाही. पण तळाशी चारपाच लिटरच उरले असतील आणि वळण लांब असेल, तर पेट्रोल बाहेरच्या बाजूला जाऊन साचतं, ते भांडं रिकामं होतं आणि पंप हवा ओढू लागतो. इंजेक्टरकडे जाणारा दाब पडतो आणि इंजिन अडखळतं. चढावर पेट्रोल मागे सरकतं तेव्हाही हेच घडतं.

दोनचार वेळा झालं तर चिंता नको. सवय झाली तर मात्र नुकसान आहे. पंपाची मोटर थंड राहते ती तिच्यातून वाहणाऱ्या पेट्रोलमुळे, त्यामुळे हवा ओढत चाललेला पंप तापतो आणि झिजतो. इंजिनात न जळलेलं पेट्रोल पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि तो बदलायचा खर्च पंपापेक्षाही जास्त. डिझेल गाडीत आणखी सांभाळावं लागतं, कारण उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं आणि टाकी कोरडी पडली की नळ्यांतली हवा काढत बसावं लागतं.

टाकी रिकामी होत आली की तळाचा गाळ ओढला जातो, असंही काही जणांनी लिहिलं आहे. पंप टाकी भरलेली असतानाही तळातूनच पेट्रोल घेतो. गाळ असेल तर तो रोजच गाळणीपर्यंत येतोय. पाव टाकी उरली की भरा म्हणतात ते हवा शिरू नये म्हणून.

प्रश्न : भरलेल्या टाकीने गाडी रस्त्याला जास्त धरून राहते का?

टाकी साधारणपणे मागच्या सीटखाली, मागच्या चाकांच्या किंचित पुढे आणि जमिनीलगत असते. डिझाइन करणाऱ्यांनी ही जागा मुद्दाम निवडलेली असते, कारण इंधन कमीजास्त झालं तरी गाडीचा तोल फारसा बदलू नये. पुढे ६० आणि मागे ४० टक्के वजन असलेल्या गाडीत टाकी भरल्यावर हे प्रमाण ५९ आणि ४१ च्या आसपास जातं. मागे दोन माणसं आणि बॅगा आल्या, तर फरक याहून कितीतरी मोठा पडतो.

अपवाद आहेत. पोर्शे ९११ चं इंजिन मागे आणि टाकी पुढे. टाकी रिकामी होत जाते तसं नाक हलकं होत जातं, आणि जुन्या ९११ चालवणारे लोक याबद्दल अजून बोलतात.

प्रश्न : शर्यतीत मग इंधनावरून एवढी डोकेफोड का चालते?

कारण तिथे टक्केवारी बदलते. फॉर्म्युला वनमध्ये २०१० पासून शर्यतीच्या मध्ये इंधन भरायला बंदी आहे, म्हणून सगळं सुरुवातीलाच भरून निघावं लागतं. २०१९ मध्ये एका शर्यतीला वापरायच्या इंधनाची मर्यादा ११० किलो झाली. इंधनाशिवाय आठशेच्या आसपास किलो वजनाच्या गाडीत हे जवळजवळ चौदा टक्के झालं. दहा किलो इंधनामागे एका फेरीला साधारण ०.३ सेकंद जातात, असं धरलं जातं. म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या गाडीत प्रत्येक फेरीमागे तीन सेकंदांहून जास्त अंतर. शिवाय टायर जास्त झिजतात, ब्रेक लवकर लावावा लागतो.

पण अगदी कमी इंधनावर शर्यत संपवणंही महागात पडतं. तपासणीसाठी एक लिटर इंधनाचा नमुना द्यावाच लागतो. २०२१ च्या हंगेरियन ग्रां प्रीमध्ये सेबास्टियन वेटेल दुसरा आला, पण गाडीतून जेमतेम ०.३ लिटर निघालं आणि त्याला बाद करण्यात आलं.

प्रश्न : मोटरसायकलला फरक पडतो का?

कारपेक्षा जास्त. टाकी इंजिनाच्या वर, म्हणजे उंचावर असते. १५ लिटरची टाकी भरली की ११ किलो वजन नेमकं तिथे येतं, जिथे गाडी कलंडवताना आणि सावरताना ते जाणवतं. वेगात नव्हे, तर गर्दीत हळू चालवताना, वळवताना किंवा गाडी ढकलत नेताना. मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतीतल्या गाड्यांत इंधन सीटखालपर्यंत नेलेलं असतं ते याच कारणाने.

प्रश्न : पंपाची नळी आपोआप बंद झाल्यावर आणखी थोडं भरून घेतो. चालतं ना?

नाही. टाकीत वर थोडी जागा मोकळी असावी लागते, कारण पेट्रोल तापलं की फुगतं. ती जागा भरून गेली, तर टाकीतली वाफ शोषून घेण्यासाठी बसवलेल्या, कोळसा भरलेल्या कॅनिस्टरमध्ये वाफेऐवजी द्रव पेट्रोल जातं. तो भिजला की खराब होतो. मग टाकी भरल्यानंतर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुर करते, सुरू झाल्यावरही थोडा वेळ अडखळते. पहिल्या प्रश्नातल्या वाचकांची गाडी पंपावरून निघतानाच सुस्त वाटत असेल, तर त्यांनी मेकॅनिकला ही एक गोष्ट जरूर पाहायला सांगावी.