धूर दिसण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. जंगलाच्या कडेला घर मिळालं, खिडकीतून झाडांशिवाय काही दिसत नाही, हे तू इतकं हरखून लिहिलं आहेस की मलाही बरं वाटलं. शेवटच्या ओळीत मात्र हळूच विचारलं आहेस: ‘इथे दर उन्हाळ्यात वणवे लागतात म्हणे. फार घाबरायला हवं का?’

तू घाबरशील याची मला काळजी नाही. वेळेवर घाबरणार नाहीस, याची आहे.

अशाच एका जंगलाच्या कडेला मी २२ वर्षं राहिले. वणवा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे किंचाळत सैरावैरा धावणारी माणसं येतात. तसं धावताना मी कुणाला पाहिलं नाही. मी पाहिली ती उभी राहिलेली माणसं. तिसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी डोंगरामागून धुराचा लोट वर आला आणि आमची अख्खी गल्ली रस्त्यावर येऊन थांबली. कुणी फोटो काढत होतं, कुणी ‘वारा पलीकडचा आहे’ म्हणत होतं, बाकीचे एकमेकांची तोंडं बघत होते. शेजारी निघाला नाही म्हणून आपण थांबायचं, आणि आपण थांबलो म्हणून शेजारी थांबलेला. असा पाऊण तास गेला. मग वारा फिरला आणि सगळी आवराआवर दहा मिनिटांत करावी लागली. मी गाडी काढली आणि निघाले. गल्लीच्या वरच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या आजींचं दार मी वाजवलं नाही. त्यांची आठवण झाली तेव्हा मी तीन वळणं खाली उतरले होते आणि मागे फिरायला वाट नव्हती. त्यांना दुसऱ्या कुणीतरी बाहेर काढलं, त्या सुखरूप राहिल्या. पण ती तीन वळणं अजून माझ्या मनातून जात नाहीत.

आपत्तीत माणसं कशी वागतात, याचा आयुष्यभर अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारान्टेली हेच सांगत आले, की खरी घबराट फार क्वचित दिसते. माणसं आधी खात्री करून घ्यायला बघतात. खिडकीतून डोकावतात, फोन लावतात, शेजाऱ्याला विचारतात, पुन्हा खिडकीशी येतात. एरवीच्या आयुष्यात हा शहाणपणाच असतो. वणव्यापुढे तो पुरत नाही. आग चढावर वेग घेते. चढ दर १० अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अग्निशामकांचा ठोकताळा आहे. शिवाय पेटती सालं आणि निखारे वाऱ्याबरोबर आगीच्या पुढे उडतात, कधी काही किलोमीटरसुद्धा. म्हणजे ‘आग अजून पलीकडच्या डोंगरावर आहे’ असं तू म्हणत असशील तेव्हा ती तुझ्या छपरावरच्या पाचोळ्यातही असू शकते.

८ नोव्हेंबर २०१८ ला कॅलिफोर्नियातलं पॅरडाइज हे सुमारे २६ हजार वस्तीचं गाव काही तासांत जळून गेलं. त्या वणव्यात ८५ माणसं गेली, त्यांतली बहुतेक वयस्कर. गावाचे विभाग पाडून कुणी केव्हा निघायचं याचा आराखडा आधीपासून तयार होता. पण कितीतरी जणांपर्यंत इशारा पोचलाच नाही, आणि सगळे एकदम निघाल्यावर रस्ते तुंबले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हवाई बेटांवरच्या लहायनात भोंगे असूनही वाजले नाहीत. यंत्रणांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. कुणीतरी येऊन सांगेल मग निघू, यावर तू विसंबू नयेस म्हणून सांगते आहे.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट मला याहून जास्त शिकवून गेली. ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नमध्ये पारा ४६.४ अंशांवर गेला होता. व्हिक्टोरिया राज्यात त्या दिवशीच्या वणव्यांनी १७३ जणांचा बळी घेतला. तिथलं धोरण तोवर साधं होतं: लवकर निघा, नाहीतर नीट तयारीनिशी थांबून घर वाचवा. पण बऱ्याच लोकांनी या दोन्हींतलं काहीच केलं नाही. ते थांबून बघत राहिले. संध्याकाळी वारा फिरला आणि आगीची लांबलचक बाजूच तोंड होऊन पुढे सरकली. मृतांपैकी बहुसंख्य घरात किंवा घराच्या आसपास सापडले. त्यानंतर तिथल्या धोक्याच्या पातळ्यांमध्ये सगळ्यांत वरची एक पातळी आली. तो इशारा असेल त्या दिवशी कुठल्याच घराचा भरवसा धरू नका, आदल्या रात्री किंवा पहाटेच निघा, असं आता सांगतात. आग लागलेली असो वा नसो.

यातलं शेवटचं वाक्य तुला विचित्र वाटेल. आगच नाही, तर निघायचं कशासाठी? पण सगळी मेख इथेच आहे. निघायची खूण म्हणून ज्वाळा ठेवल्यास तर उशीर होणारच. खूण हवेची ठेव. रखरखीत कोरडा दिवस, सुसाट वारा आणि हवामान खात्याचा वरच्या पातळीचा इशारा, हे तिन्ही जुळले की सकाळीच निघायचं, हे आज, थंड डोक्याने, कागदावर लिहून काढ. त्या दिवशी तू स्वतःशी वाद घालशीलच. तेव्हा तो कागद तुझ्या बाजूने बोलेल.

निघताना काय घ्यायचं, याच्या याद्या सगळीकडे मिळतात: कागदपत्रं, औषधं, चष्मा, पाणी, चार्जर. पिशवी हंगामाच्या सुरुवातीलाच भरून दाराशी ठेव, म्हणजे झालं.

वाटेचा विचार मात्र सावकाश कर. जून २०१७ मध्ये पोर्तुगालमधल्या पेद्रोगाओ ग्रांदेच्या वणव्यात ६६ जण गेले. त्यांतले बरेचसे आगीपासून पळताना रस्त्यावरच गाडीत किंवा गाडीजवळ सापडले. आगीतून फुफाट्यात हे आपण किती सहज बोलून जातो. तिथे ते अक्षरशः घडलं. म्हणून एक वाट पुरत नाही, दोन हव्यात, आणि दोन्ही तुझ्या पायाखालच्या हव्यात. उलट बाजूही सांगते. २०१६ च्या मे महिन्यात कॅनडातलं फोर्ट मॅकमरी जवळपास रिकामं झालं, सुमारे ८८ हजार माणसं बाहेर पडली. दोन्ही बाजूंना आग दिसत असतानाही रांगा पुढे सरकत राहिल्या आणि आगीने थेट कुणाचा जीव घेतला नाही. निघताना झालेल्या एका अपघातात मात्र दोघं गेली. माणसं निघू शकतात, यावर माझा विश्वास आहे तो अशा गोष्टींमुळेच.

घराबद्दल थोडंसं. बहुतेक घरं ज्वाळांच्या भिंतीने पेटत नाहीत, निखाऱ्यांनी पेटतात. पन्हाळीतला पाचोळा, भिंतीला लावून रचलेली लाकडं, छपराखालची उघडी झडप, एवढं त्यांना पुरतं. भिंतीपासून दीड मीटरच्या पट्ट्यात जळण्याजोगं काहीही ठेवू नकोस. खिडकीखालची ती वेल तुला आवडते, हे ठाऊक असूनही म्हणते, काढ.

आणि धूर. आग शेकडो किलोमीटरवर असली तरी तो तुझ्यापर्यंत येतो. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांनी न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं होतं. त्यातले बारीक कण अडीच मायक्रॉनहून लहान असतात आणि थेट फुप्फुसांत खोल उतरतात. ओला रुमाल त्यांना अडवत नाही. एन-९५ मास्क नीट बसवलेला हवा, आणि एक खोली तरी खिडक्या-फटी बंद करून बसण्याजोगी हवी.

आता जे कुणी फारसं सांगत नाही ते. तू तीनदा निघशील आणि तिन्हीदा काहीच होणार नाही. घर जसंच्या तसं, बागेवर थोडी राख. न निघालेले शेजारी तुझ्याकडे बघून हसतील. चौथ्यांदा पाय जड होईल. मी कित्येक शहाणी माणसं अशी थकताना पाहिली आहेत. त्या तीन खेपा फुकट गेल्या असं मानू नकोस. त्या खेपांमुळेच तुला कळतं की मांजर पिंजऱ्यात घालायला किती वेळ लागतो आणि वरच्या आजोबांना जिना उतरायला किती.

वणवा गेल्यावरही माणसं बदललेली असतात. दुसऱ्याच दिवशी ‘कुणी लावली?’ सुरू होतं, आणि बोट नेहमी परक्याकडे, बाहेरून आलेल्याकडे किंवा आधीच न आवडणाऱ्याकडे जातं. त्या बोलण्यात सामील होऊ नकोस. कारण कधी विजेची तार असते, कधी कुणीतरी अर्धवट विझवलेली आग, कधी वीज पडलेली असते. ते शोधणाऱ्यांना शोधू दे. ज्यांचं घर जळालं त्यांना ‘जीव वाचला ना, बस्स’ असंही म्हणू नकोस. ते खरं असलं तरी त्यांना ऐकवत नाही. त्यांच्याबरोबर राख चाळायला जा. आणि ज्यांचं घर वाचलं त्यांनाही विचार, कारण सगळी गल्ली जळून आपलंच घर उभं राहिलं याची लाज वाटणारी माणसं मी पाहिली आहेत. ती लाज कुणाला सांगता येत नाही.

जंगलावर राग धरू नकोस. काही पाइनच्या शंकूंना उघडायला आगीची ऊबच लागते. १९३५ पासून अमेरिकेच्या वनखात्याने प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायचं धोरण धरलं. अशा विझवाविझवीत कितीतरी जंगलांत वाळकं लाकूड आणि झुडपं साचत गेली, आणि पुढच्या आगी जास्त भडकल्या. ऑस्ट्रेलियातले आदिवासी योग्य ऋतूत छोट्या, थंड आगी लावून जंगल सांभाळत आले, ते ज्ञान आता पुन्हा विचारलं जातं आहे. तुझ्या भागात कुणी नियंत्रित जाळ करत असेल तर धुराची तक्रार करण्याआधी जाऊन बघ, ते काय करतात. जमल्यास हात लाव.

उत्तरात तीन गोष्टी कळव: तुझी निघायची खूण काय ठरली, गल्लीत कुणाकडे गाडी नाही, आणि ज्याचं दार तू वाजवणार आहेस त्याचं नाव. हंगाम सुरू व्हायच्या आत मी येते आहे. तेव्हा ती दुसरी वाट आपण एकदा रात्री, दिव्यांच्या उजेडात, शेवटपर्यंत जाऊन बघू.

तुझी,
मावशी