व्यायामाने भूक वाढते की ताळ्यावर येते?

प्रश्न : माझं काम दिवसभर खुर्चीवरचं. चालायला लागलो तर भूक वाढून वजन आणखीच वाढेल का?

उत्तर : तुम्ही काळजी करायची ती खुर्चीची. १९५६ साली पोषणशास्त्रज्ञ ज्याँ मेयर आणि सहकाऱ्यांनी कोलकात्याजवळच्या ताग गिरणीतल्या माणसांचं खाणं आणि वजन मोजलं. अंगमेहनतीचं काम करणारे भरपूर जेवत, पण अंगाने सडपातळ. सगळ्यात बैठी माणसं मात्र हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात आणि वजनानेही जास्त भरत. ही पाहणी होती, प्रयोग नव्हे. पण पुढच्या प्रयोगांतही नियमित व्यायाम करणारे, आधी भरपूर कॅलरींचं पेय पोटात गेलं तर पुढच्या जेवणात आपसूक हात आखडता घेताना दिसले. बैठ्यांना तो फरक फारसा जाणवत नव्हता.

हा हिशेब मेंदूतला हायपोथॅलॅमस ठेवतो. तिथले काही पेशीसमूह भूक चेतवतात, काही शमवतात. चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक (शोध १९९४) चरबीचा साठा किती आहे ते कळवतं. जठरातलं घ्रेलिन (१९९९) खायला सांगतं. लठ्ठपणात लेप्टिन रक्तात मुबलक असतं, मेंदूच ते फारसं मनावर घेत नाही. उंदरांमध्ये व्यायामाने हा बहिरेपणा कमी झालेला दिसला आहे. माणसाच्या हायपोथॅलॅमसमध्ये असं डोकावणं अवघड, म्हणून मी त्यापुढे बोलणार नाही.

प्रश्न : सकाळी पळून आले की खावंसंच वाटत नाही, रात्री मात्र फ्रीज सारखा उघडते. असं का?

उत्तर : जोरकस व्यायामानंतर घ्रेलिन उतरतं आणि तृप्तीची संप्रेरकं वाढतात. हा परिणाम तास-दोन तासच टिकतो. त्या भरात नाश्ता बुडवत असाल तर रात्री वसुली होणारच. वर ‘आज पळाले ना’ ही सबबही असते. पोहे-उपमा किंवा अंडी, जे रोजचं असेल ते खा. पळणं सोडू नका.

प्रश्न : तीन महिने रोज अर्धा तास चालतोय. काटा जागचा हलत नाही.

उत्तर : सत्तर किलोच्या माणसाने अर्धा तास झपाझप चालून साधारण दीडशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात त्याच्या जवळपास दुप्पट. वजन उतरवायचं ते मुख्यतः ताटातून. उतरलेलं परत चढू न देण्यात व्यायामाचा वाटा मोठा. रक्तदाब आणि साखरेला होणारा फायदा काट्यावर दिसत नाही, तरी तो होतोच.

प्रश्न : आई इन्सुलिन घेते. फिरून आली की तिला कडकडून भूक लागते, हात थरथरतात, घाम फुटतो.

उत्तर : याला नेहमीची भूक समजू नका. लगेच साखर तपासा. सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. यंत्र हाताशी नसेल तर आधी साखर द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठा. फिरायच्या वेळेनुसार इन्सुलिनचा डोस बदलावा लागेल का, हे तिच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा.